रिकामा ठोका

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं बोलायचं तर निम्मे वाचून हसतो. पांढरी साडी, उलटे पाय, पैंजणांचा आवाज... अहो, जरा काहीतरी नवीन आणा! माझी बायको म्हणते, "एवढी चेष्टा करता ना, मग स्वतःचं का नाही लिहीत?" तिला ठाऊक आहे म्हणून बोलते. इतकी वर्षं टाळलं. आता वय झालंय, हात थरथरतो, म्हटलं एकदाचं लिहून मोकळं व्हावं. त्या दिवशी एका माणसाचा जीव माझ्या शब्दावर लटकला होता, आणि मी तो शब्द देऊन बसलो होतो.

गोष्ट मुलुंडची, पन्नास-साठच्या दरम्यानची. आताचं मुलुंड डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा स्टेशनाजवळ थोडी वस्ती, काही बंगले, आणि तिथून डोंगराकडे चालायला लागलं की गवत, ताडाची झाडं आणि म्हशींचे तबेले. डोंगराच्या पायथ्याने पिण्याच्या पाण्याचे मोठाले लोखंडी नळ गेले होते. नळ म्हणजे केवढे? आत सरासरी उंचीचा माणूस मान वाकवून चालत जाईल एवढे. जमिनीच्या वर, दगडी ओट्यांवर आडवे टाकलेले. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, पुढे सगळी मुंबई त्यातलंच पाणी प्यायची. आम्ही त्याला नुसतं 'लाईन' म्हणायचो.

मी एका खासगी कंत्राटदाराकडे सुपरवायझर होतो. नवीनच लग्न झालेलं, घाटकोपरला दोन खोल्यांचं बिऱ्हाड. काम असं, की लाईनचा एक तुकडा दोन्हीकडून बंद करून रिकामा करायचा, वरच्या मॅनहोलमधून माणसं आत उतरवायची, आणि आतला गंज, शेवाळ, चिखल खरवडून काढायचा. टोळी मालवणकडची होती. सातजण आत आणि त्यांचा मुकादम भिवाजी बाहेर. मला मॅट्रिकपर्यंत शिकलेला म्हणून सगळे 'मास्तर' म्हणायचे.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती. मला अंधाराची भीती वाटायची. भुतांची नाही हं, नुसत्या अंधाराची! लहानपणापासून. जिन्याखाली कोळसे ठेवायची जागा होती, तिथून भर दुपारी कोळसे आणायचे म्हटलं तरी मी जिन्याशीच अडून बसायचो. वडील चिडायचे, शेजारची पोरं 'भित्री भागूबाई' म्हणून ओरडायची. माझी मोठी बहीण, ताई, तिने मात्र एक युक्ती शिकवली. म्हणाली, "बाळू, आत शिरायच्या आधीच डोळे घट्ट मीट. मग तो अंधार बाहेरचा राहत नाही रे, तुझा स्वतःचा होतो. स्वतःच्या अंधाराला कोण भितं?" हसू नका, पण ती युक्ती चालायची. मी डोळे मिटून, भिंतीला हात लावून आत जायचो, चाचपून कोळसे घ्यायचो आणि डोळे मिटलेलेच बाहेर यायचो.

पण पुरुषमाणसाने, तेही सुपरवायझरने, हे कोणाला सांगायचं? लाईनच्या कामावर मी आत कधीच उतरलो नव्हतो. "मी वरून बघतो," म्हणायचो. मॅनहोलच्या तोंडाशी ओणवा होऊन कंदील खाली धरायचा, लोखंडी शिडीच्या खालच्या पायरीपर्यंत नजर टाकायची आणि "झकास चाललंय" म्हणून उठायचं. भिवाजीला बहुतेक कळलं होतं. तो मिशीत हसायचा, पण बोलला कधी नाही. भला माणूस.

नळाच्या आत एक अडचण असते. तिथे हाक मारून उपयोग नाही. आवाज घुमत घुमत जातो, कोण बोललं, कुठून बोललं, काही पत्ता लागत नाही. शिवाय कोकणातली माणसं अंधारात एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, तो त्यांचा धर्मच. म्हणून त्यांनी ठोक्यांची पद्धत ठेवली होती. प्रत्येकाकडे एक लहान हातोडा. काम संपलं की भिवाजी बाहेरून नळावर हातोडा मारायचा. मग आतून उत्तरं यायची. शिडीजवळचा माणूस एक ठोका द्यायचा, त्याच्या पुढचा एक, असं करत करत सगळ्यांत आतला, शेवटचा, तो लागोपाठ दोन ठोके द्यायचा. दोन ठोके म्हणजे 'माझ्यापलीकडे कोणी नाही'. मग सगळे ओळीने बाहेर यायचे. वर येताना आधी हातोडा मुकादमाच्या हातात, मग डोकं बाहेर.

आणि सगळे बाहेर आले, की भिवाजी झाकण लावायच्या आधी आणखी एकदा नळावर हातोडा मारायचा आणि कान लावून बसायचा. त्याला ते लोक 'रिकामो ठोको' म्हणायचे. या ठोक्याला उत्तर यायचं नसतं. नळ गप्प राहिला, की झाकण बंद. मला ते उगाच वाटायचं. मोजलेली माणसं डोळ्यांसमोर बसलेली असताना पुन्हा नळाला काय विचारायचं? पण त्यांचं समाधान होतंय तर होऊ दे, माझं काय जातंय...

तो दिवस दिवाळीनंतरचा. स्वच्छ ऊन, डोंगरावर गवत पिवळं पडायला लागलेलं. दुपार कलली होती, पण उजेड भरपूर होता. पाणीखात्याचे साहेब सकाळपासून आमच्याबरोबर उभे होते. तेही बिचारे वैतागले होते, कारण दोन दिवस उपनगरात पाण्याची बोंब होती आणि वरून सारखी विचारणा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी सोडायचंच होतं.

भिवाजीने ठोका दिला. आतून उत्तरं आली, ओळीने, आणि शेवटी दोन. एकेकजण वर यायला लागला. हे लोक आतून येत तेव्हा ओळखू येत नसत. डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळलेलं, धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून. अंगभर तांबडा गंज आणि काळा चिखल. दिसायचे ते फक्त डोळे. वर आले की नळाच्या सावलीत भिंतीला टेकावं तसे नळाला टेकून बसायचे आणि तांब्या फिरायचा.

मी मोजले. बोट दाखवून, एकेक करून. सात. मी म्हटलं, "काय रे, सगळे बरे ना?" दोघा-तिघांनी माना हलवल्या. साहेबांनी विचारलं, "आले सगळे?"

"आले साहेब. सातही बाहेर."

"शुअर?"

"बघा ना, समोर बसलेत."

साहेबांनीही मोजले. मग त्यांनी सायकलवाल्याला हात केला. पाणी सोडायचा व्हॉल्व बराच पुढे होता, आणि तिथल्या माणसांना निरोप द्यायला एक सायकलवाला ठेवलेला असायचा. झाकणाचे बोल्ट आवळायला वेळ लागतो, तोवर तो तिथे पोचतो, म्हणून त्याला आधीच सोडायची रीत होती. तो गेला, नळाच्या कडेच्या कच्च्या वाटेने, घंटी वाजवत.

भिवाजीने हातोडा उचलला आणि रिकामा ठोका दिला.

नळ क्षणभर गप्प होता. मी झाकणाला हातही घातला. आणि आतून... टण् टण्.

दोन ठोके.

भिवाजीचा हातोडा तसाच वर राहिला. साहेब म्हणाले, "काय झालं?" मी सांगितलं. ते हसले. "अहो, लोखंड निवतंय. दिवसभर तापलेला पाइप आहे, ऊन उतरलं की वाजतो. एवढं कळत नाही?"

खरंच, वाजतो. आम्ही रोज ऐकायचो ते. पण ते वाजणं वेगळं, कुठेतरी 'टिक्' करून एकदा. मी भिवाजीकडे बघून म्हटलं, "पुन्हा मार."

त्याचा हात उठेना. मग मीच हातोडा घेतला आणि मारला. लगेच उत्तर आलं. टण् टण्. अगदी त्याच तालात.

"मास्तर," भिवाजी पुटपुटला, "ता माणूस न्हय. सगळे हंय आसत. मग आत कोण आसा? झाकण घाला. बेगीन घाला!"

ओळीतला एकजण उठून मागे सरकला. दुसऱ्याने हात जोडले. कोणी आत बघायलाही तयार नव्हता आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या हिशेबात सगळं बरोबर जुळत होतं. माणसं सगळी बाहेर, म्हणजे आतलं ते माणूस नाही, म्हणजे झाकण लावा.

वाट लागली होती ती माझी! कारण माझा भुतांवर विश्वास नव्हता. तुम्ही लक्षात घ्या, माझा विश्वास असता तर मी आनंदाने झाकण लावून घरी गेलो असतो. पण भूत नसतं, लोखंड असं मोजून वाजत नाही... मग राहिलं काय? आत माणूस आहे. कसा आहे, कोण आहे, माझी मोजणी कुठे चुकली, काही कळत नव्हतं. पण माणूस आहे, आणि सायकलवाला पाणी सोडायला सांगायला गेलाय. माझ्या शब्दावर गेलाय.

"साहेब, त्याला थांबवा."

"अहो, सात मोजले ना तुम्ही? मीही मोजले! आणखी उशीर झाला तर मी काय उत्तर देऊ?"

मला काय झालं कोण जाणे. एवढा भित्रा मी, पण त्या वेळी रागच आला. साहेबांचा नाही, स्वतःचा, त्या सगळ्या प्रकाराचा. मी भिवाजीजवळचा कंदील घेतला, चपला काढल्या आणि मॅनहोलमध्ये पाय सोडले. म्हटलं, "साहेब, मी आत चाललो. आता तरी आत माणूस आहे ना? मी स्वतः? आता तरी धावा!"

"मास्तरानु, जाव नकात!" भिवाजी ओरडला. पण साहेब धावले. बूट घालून, त्या खडबडीत वाटेने, "ए थांब, थांब" करत धावले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

शिडी उतरलो. खाली घोट्याएवढा चिखल, थंडगार. वरून मॅनहोलचा उजेड एका गोल तुकड्यात पडलेला, आणि त्याच्या पलीकडे... काय सांगू! मी त्या अंधाराकडे बघितलं आणि शिडीचा दांडा पुन्हा धरला. वाटलं, परत वर जावं आणि म्हणावं, "काही नाही, लोखंडच आहे." कोणी हसलं नसतं.

मी कंदील पुढे धरला आणि चालू लागलो. नळाच्या आत लोखंडाच्या पत्र्यांचे सांधे असतात, त्यांच्यावर खिळ्यांची गोल डोकी ओळीने. त्यांच्यावर हात ठेवत, मान वाकवून, पाय घसरत घसरत. मोठ्याने बोलत होतो, कारण आवाज बंद केला की कानात नुसतं रक्त वाजायचं. "कोण आहे? अरे कोण आहे आत? मी मास्तर आहे, ठोका दे!" माझाच आवाज चारी बाजूंनी येऊन माझ्यावर आदळायचा. मागे वळून बघितलं तर उजेडाचा तुकडा वाटीएवढा राहिला होता.

आणि तेवढ्यात तोंडावर वारा आला.

थंड, ओला वारा, समोरून. मला कळेना आधी. मग कळलं आणि मी थांबलो. बंद नळात वारा कुठून येणार? व्हॉल्व उघडला की पाण्याच्या आधी हवा ढकलली जाते, हे मला कामावरच कोणीतरी सांगितलं होतं. म्हणजे साहेब पोचले नाहीत. पाणी सुटलं! कंदील फडफडला आणि विझला.

अंधार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. घरातला अंधार हा अंधारच नव्हे. त्यात कुठेतरी फट असते, कोनाड्यात काहीतरी चमकतं. इथे डोळे उघडे की मिटलेले, हेच कळेना. हातातला कंदील मी टाकला की तो निसटला, आठवत नाही. आईची आठवण आली. बायकोचा चेहरा आठवला आणि नुसतं रडू फुटलं. भर मुलुंडात, वर लख्ख ऊन पडलेलं असताना, मी बाप्या नळात उभा राहून पोरासारखा रडत होतो.

टण् टण्.

या वेळी जवळ. समोर, आणि खाली, कमरेएवढ्या उंचीवरून.

मी डोळे घट्ट मिटले. ताईने सांगितलं होतं तसे. आणि मोठ्याने म्हणालो, "हा अंधार माझा आहे." खुळ्यासारखं वाटेल तुम्हाला, पण म्हणालो. उजवा हात खिळ्यांच्या ओळीवर, डावा पुढे. पाणी येणार तर येऊ दे, पण निदान त्याला हात लावून... असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. चाललो. ठोके पुढे पुढे जात होते. मी थांबलो की थांबायचे, पाऊल टाकलं की पुन्हा दोन. मला कोणीतरी नेत होतं, यात शंका नाही.

मग ठोके थांबले आणि माझा पाय मऊ अंगावर पडला.

खाली बसून चाचपलं. माणूस. फडकं सुटलेलं, कपाळ चिकट. श्वास चालू होता, अगदी बारीक. हाताला गळ्यातला ताईत लागला, टोळीत तो एकाच्याच गळ्यात असायचा, आणि मला कळलं, हा सोनू! टोळीतला सोनू. त्याच आठवड्यात त्याची बायको गावाहून भांडुपला आली होती, पहिल्यांदाच मुंबईत, आणि टोळीने त्याला दिवसभर चिडवलं होतं. "अरे सोनू, सोनू रे!" मी त्याला गदागदा हलवला. शुद्ध नव्हती.

त्याच्या दोन्ही हातांत काही नव्हतं. आजूबाजूला मी चिखलात चाचपलं, हातोडा नव्हता.

त्याला काखेतून धरलं आणि मागे मागे ओढायला लागलो. म्हणजे माझी पाठ मॅनहोलकडे, तोंड अंधाराकडे. डोळे मिटलेलेच. माणूस बेशुद्ध झाला की किती जड होतो, ते ज्याने उचललंय त्यालाच ठाऊक. दोन पावलं ओढायचं, धापा टाकायच्या. आणि आम्ही सरकलो की समोरून, सोनूच्या पायांपलीकडून, पुन्हा ते दोन ठोके. आमच्या मागोमाग. लांब राहत नव्हते. एकदा तर इतके जवळ झाले की पायाखालचं लोखंड थरथरलं. डोळे उघडायची इतकी ऊर्मी येत होती... पण नाही उघडले. उघडून दिसणार तरी काय होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण ते नव्हतं. काहीतरी दिसेल, याचीच भीती होती.

पापण्यांवर तांबूस उजेड जाणवला तेव्हा मी ओरडलो, "दोर टाक!" भिवाजीने दोर टाकला. सोनूच्या काखेत बांधला, खालून मी लोटला, वरून त्यांनी ओढला. मग मी वर आलो आणि गवतात आडवा झालो. थोड्या वेळाने साहेब घामाघूम परत आले. तबेल्याच्या म्हशी वाट अडवून उभ्या होत्या म्हणून सायकलवाला तिथेच अडकला होता, आणि साहेबांनी त्याला गाठला. व्हॉल्वला कोणी हातही लावला नव्हता. मी वाऱ्याचं सांगितलं तर म्हणाले, "शक्य नाही. दोन्हीकडून बंद आहे."

सोनूच्या तोंडावर पाणी मारलं, त्याने डोळे उघडले. आणि मग भिवाजी एकदम मटकन खाली बसला.

"मास्तर... सोनू आत होतो. मग हे सात कसे झाले?"

आम्ही सावलीकडे बघितलं. आता तिथे सहाजण होते. फडकी सोडलेली, ओळखीचे चेहरे. सहा. सातव्या जागेवर नळाला चिखलाचा ओला डाग होता, कोणी पाठ टेकून बसावं तसा.

"मगाशी सात होते," भिवाजी म्हणाला. "सात हातोडे मी ह्याच हातान घेतलंय!"

हातोड्यांचा ढीग बाजूलाच पडला होता. सोनूचा हातोडा सगळ्यांना माहीत होता, त्याच्या दांड्याला बायकोच्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी गुंडाळलेली. तो त्या ढिगात होता. सोनू आत पडलेला आणि त्याचा हातोडा वर पोचलेला!

सोनूच्या अलीकडे, शिडीच्या बाजूला काम करणारा तुकाराम नावाचा माणूस होता. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "बाहेर येताना माझ्या मागे पावलां वाजत होती. मग माझ्या बाजूक येऊन बसललो. मी तांब्यो फुडे केलंय. तेना हातात घेतल्यान, नि तसोच भरललो परत दिल्यान. माका वाटला, सोनूच." आणि तो हात धोतराला पुसायला लागला. कितीतरी वेळ पुसत होता.

सोनूला धड काही सांगता येईना. घसरून डोकं खिळ्यांवर आपटलं एवढं दिसत होतं. कसा घसरलास, विचारलं तर म्हणाला, बाहेरचा ठोका ऐकला, मी दोन ठोके दिले, निघायला वळलो, तेवढ्यात कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला. "मी शेवटचो, मास्तर. माझ्या मागे कोण असतलो?"

मी पुष्कळ विचार केलाय यावर. आत हवा खराब असते, माणसाला भास होतात, मान्य. पण मोजलं ते बाहेर, लख्ख उजेडात, आणि मोजणारे तिघे. भिवाजी, साहेब आणि मी. समजा तिघेही चुकलो. मग हातोडा? समजा हातोडा घाईत दुसऱ्या कोणी उचलून आणला. मग बेशुद्ध माणूस नुसत्या हाताने लोखंडावर टण् टण् कसं वाजवणार? आणि सगळ्यांत मोठं कोडं म्हणजे, जो कोणी सोनूच्या जागी बाहेर येऊन बसला, त्याच्यामुळेच आम्ही झाकण लावायला निघालो होतो. आणि ज्याने आतून ठोके दिले त्याच्यामुळे सोनू वाचला. हे दोघे वेगवेगळे, की एकच? एकच असेल तर त्याला सोनू आत हवा होता की बाहेर? मी शिकलेल्या लोकांना विचारलं, देवाधर्माच्या लोकांना विचारलं. प्रत्येकाने आपापलं सांगितलं. माझं समाधान कोणीच केलं नाही, आणि आता होईल असं वाटतही नाही.

अंधाराची भीती मात्र गेली. कायमची. आज लाईट गेले तरी मी मेणबत्ती शोधत नाही. पण सहलीला, लग्नाला, कुठेही निघालो की डोकी मोजायला मला सांगू नका. मी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावतो आणि नाव विचारतो. नातवंडं हसतात. हसू देत.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पाणी सुटलंच नाही. साहेबांनी वर काय सांगितलं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून सोनू हजर! घरी बस म्हटलं तर ऐकेना. आत कोणाला उतरावं लागणार नव्हतं, काम संपलंच होतं, फक्त झाकण लावायचं होतं. भिवाजीने हातोडा माझ्या हातात दिला. मी आधी सातही जणांच्या खांद्याला हात लावला, एकेकाला नावाने हाक मारली, एकेकाकडून 'ओ' घेतली. मग रिकामा ठोका दिला.

आम्ही सगळे थांबलो. साहेबसुद्धा टोपी हातात घेऊन उभे होते. नळ गप्प होता. पुष्कळ वेळ गप्प होता.

"चला," साहेब हळूच म्हणाले. "लावा झाकण."

मी वाकलो, तर सोनूने माझा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

"माझी जागा तेना माका परत दिल्यान, मास्तर," तो म्हणाला. "तो आतच रवलो. तेची तेका कोण देतलो?"

साहेबांनी तोंड फिरवलं. खाली घाटकोपरपर्यंत घराघरांतून बायका रिकामे हंडे-कळशा मांडून बसल्या होत्या, त्यात माझीही बायको होती. सोनूचा हात मी हळूच बाजूला केला, झाकण सरकवलं आणि पहिला बोल्ट मीच आवळला.